आठ खुणांची बाटली

मी एक जुनी औषधाची बाटली आहे. मित्रांनो, माझं साल सांगायचं तर कारभारी नावाच्या गड्याच्या घरी पहिली लेक बानाबाई जन्मली, त्याच साली मी त्या घरात आले. ते साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. कारभारी गेला होता बाळंतिणीसाठी शोपा आणायला आणि येताना स्वतःच्या छातीतल्या जळजळीसाठी मला घेऊन आला!

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद काच साच्यात ओघळली, आत फुंकर बसली आणि क्षणात मी तयार झाले. पेंढ्यात गुंडाळून मी औरंगाबादला आले. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात मोहियोद्दीन नावाचे कंपाउंडर होते. त्यांनी माझ्यात दुधासारखं पांढरं, पुदिन्याच्या वासाचं औषध भरलं. मग कागदाची पट्टी घेतली, घडी घातली, कात्रीनं कच्‌कच् कापली, उलगडली, तर काय! एका ओळीत आठ दात! ती पट्टी त्यांनी खळीनं माझ्या अंगावर चिकटवली.

"एक दात, एक डोस. खाने के बाद. हिलाके पीना, मामू."

वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण होती. मला तेव्हा झालेला आनंद काय सांगू! अंगावर दागिना चढल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांत शहरात रोज नवी चिमणी उभी राहत होती. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा निघे. करमाडकडच्या माळावर मेंढरं राखणारा कारभारी काठी ठेवून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला होता, लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात. आगीसमोर आठ तास, वर चहा, बिडी आणि मिरचीचा ठेचा. मग जळजळ होणार नाही तर काय? मी रोज त्याच्या खिशात बसून कारखान्यात जायचे. घास उतरला की तो एक दात प्यायचा, लांब ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "हाण तिच्या! उतरली आग."

सगळ्या खात्यात माझं नाव झालं. शेजारच्या मशीनवरचा कडुबा तर हक्कानं हात पुढं करी. "आण तुझी दुधाची बाटली, बाळंतीण तुझ्या घरी अन् दूध तू पितोस!"

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कडुबाच्या बहिणीचं घर जाळलं गेलं. कारभारीचे भाऊबंद गावाकडून आले आणि त्याला म्हणाले, "तू त्याच्यासंगं एका बाटलीतून पितोस व्हय?"

कारभारी काही बोलायच्या आत त्याची बायको राजाबाई चुलीपासून म्हणाली, "त्यास्नी सांगा, जळजळ दोघांची सारखीच हाय. तुमाला व्हत आसंल तर तुमीबी प्या."

दुसऱ्या दिवशी कडुबानं मागण्याआधीच कारभारीनं मला त्याच्या हातात दिलं. कडुबानं मला नुसतं धरून ठेवलं. मग म्हणाला, "ज्या दिशी नाव लागंल, त्या दिशी दोघं मिळून विद्यापीठाच्या दरवाजापस्तोर जायाचं. येशील?"

"चालत येतो," कारभारी म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवसाला सोळा वर्षं लागली! मोर्चे निघाले, कडुबा दोनदा तुरुंगात जाऊन आला. इकडं दुकानांत प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, पित्तावरच्या पाकिटबंद गुलाबी गोळ्या आल्या. माझ्यासारख्या बाटल्या भंगारात गेल्या. पण कारभारीनं मला सोडलं नाही. म्हातारे झालेले मोहियोद्दीन मला पाहिलं की हसत आणि नवी पट्टी कापत.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत मात्र काहीतरी बिघडलं. आठ दात चार दिवस टिकायचे, ते आता दीड दिवसात संपू लागले. आधी कारभारी जेवल्यावर प्यायचा. आता सायकल चढावर रेटली की प्यायचा. थांबायचा, प्यायचा, ढेकर द्यायचा, कळ थांबायची. मग तो खुशीत म्हणायचा, "ढेकर आला, म्हंजी पित्तच." ती कळ माझ्या औषधानं थांबत नव्हती, तो उभा राहिला म्हणून थांबत होती. माझी मात्र फुकट वाहवा होत होती. मलाही ती गोड लागत होती, हे कबूल करते.

चौदा जानेवारीला नामविस्ताराची बातमी आली. काय तो जल्लोष! दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबा निळं उपरणं आणि झेंडूचा हार घेऊन दारात हजर.

"चल रं गड्या! सोळा वर्साची उधारी फेडायची हाय."

राजाबाईनं दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तीही निघाली. घाटी दवाखान्याजवळ बसमधून उतरून आम्ही विद्यापीठाकडं चालू लागलो. गटागटानं माणसं जात होती, गुलाल उडत होता, हलगी कडाडत होती. खिशात मी ठेक्यावर नाचत होते!

चढ लागला आणि कारभारी थांबला. मला काढून एक दात प्याला. ढेकर दिला. चालला. शंभर पावलांवर पुन्हा थांबला. पुन्हा प्याला.

"काय रं, मिरवणुकीला आलास का बाटलीला?" कडुबा हसला.

"तिळगूळ बाधला बघ."

तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा थंडीतही त्याचा सदरा घामानं भिजला होता. डावा हात लोंबत होता. त्यानं माझं बूच काढलं, तेवढ्यात राजाबाईनं मला हिसकावून घेतलं.

"ह्ये पित्त नाय."

"आगं, ढेकर येतोय की..."

"येऊ द्या! म्या मेंढरं राखलेली हायत. पोट फुगलेलं मेंढरू उभं केलं तरी तडफडतं. तुमी चाललं की दुखतंय, थांबलं की राहतंय. चढावर मागं पडतं ते मेंढरू पोटाचं नसतं, छातीचं आसतं."

"दरवाजा हितंच तर हाय. समोर दिसतोय," कारभारी म्हणाला. "कडुबाला सबुद दिलाय म्या. दोनशे पावलं जाऊ दे."

दोनशे पावलं! वरून घोषणा ऐकू येत होत्या. कडुबानं एकदा दरवाजाकडं पाहिलं. सोळा वर्षं त्याच्या डोळ्यांत उभी राहिली. मग त्यानं हातातला हार शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी बाईच्या हातात दिला.

"मावशे, येवढा माझ्या नावानं वाहा. कडुबा म्हणून सांग."

आणि रस्त्यात आडवा उभा राहून त्यानं एक रिक्षा अडवली. कारभारी पायी चढायला बघत होता, त्याला दोघांनी उचलून आत बसवलं. उताराला रिक्षा अशी सुटली की मी राजाबाईच्या मुठीत गरगर फिरत होते. "गड्या, डोळं उघडं ठिव! झोपलास तर तुझी भाकर म्या खाईन!" कडुबा ओरडत होता.

दवाखान्यात त्याच्या छातीला तारा लावल्या आणि यंत्रातून कागदाची एक लांब पट्टी निघाली. मित्रांनो, तिच्यावरही दात होते! लहान, मोठे, वाकडे. मोहियोद्दीन यांच्या कात्रीनं कधीच कापले नसते असे. डॉक्टरांनी ते पाहिले आणि धावपळ सुरू झाली. सुया, नळ्या, जिभेखालची गोळी. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. त्यांनी राजाबाईच्या हातातल्या माझ्याकडं बोट दाखवलं.

"हे पाजत बसला असतात तर माणूस गेला असता. हृदयाचा झटका आहे. कुणी ओळखलं?"

"ह्यांनी," कडुबा म्हणाला. "मेंढरांच्या डॉक्टरीण हायत वहिनी."

कारभारी वाचला! बिडी सुटली, ठेचा कमी झाला, सकाळी सावकाश फिरणं सुरू झालं. पुढच्या जानेवारीत कडुबानं त्याला रिक्षातून थेट दरवाजापर्यंत नेलं. दोघं तिथं लहान पोरांसारखे रडले.

माझं औषध मात्र त्या दिवसापासून बंद झालं. राजाबाईनं माझी पट्टी खरवडली, मला धुतलं आणि खोबरेल भरून देवळीत ठेवलं. मी रुसले नाही. जेवणानंतरच्या जळजळीला माझं औषध खरंच उतार देत होतं. माझं काम तेवढंच होतं.

पुढं त्यांनी वरचा मजला बांधला. देवळीतून मला जिना दिसायचा. राजाबाई पाण्याची कळशी घेऊन चढताना थांबू लागली. जबड्याला हात लावायची, पदरानं घाम पुसायची, कमरेच्या पिशवीतून पित्ताची एक गुलाबी गोळी काढून चघळायची आणि पुन्हा चढायची. कारभारीच्या गोळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. ती जिन्यात थांबते हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी पाहत होते, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. छातीत, जबड्यात, हातात चालताना कळ येत असेल, घाम फुटत असेल, तर ढेकरावर विसंबू नका. बाटली खाली ठेवा आणि लगेच मोठा दवाखाना गाठा. आणि घरात सगळ्यांची औषधं सांभाळणारी जी बाई आहे ना, ती जिन्यात का थांबली, हे तिला आजच विचारा.

राजाबाई बुधवारी, सात फेब्रुवारी दोन हजार एक रोजी सकाळी, हृदयाच्या झटक्यानं वारली. तिचं वय पंचेचाळीस होतं.