बाजार उठल्यावरचा अर्धा तास

२०१८ साल होतं ते. आषाढ लागता लागता जुन्नरच्या रविवारच्या बाजारात ताहेराच्या हातात मोबाईल आला आणि चिमाबाईचा अर्धा तास गेला.

डिंगोऱ्याची चिमाबाई बाजारात पालेभाजी घेऊन बसायची. तिच्या डाव्या हाताला जुन्नरचीच ताहेरा बांगड्यांची पेटी मांडायची. सव्वीस वर्षं दोघींच्या ताडपत्र्या एकाच खांबाला बांधलेल्या. दिवसभर एकीला दुसरीकडं बघायची फुरसत नसे. पण पाच वाजले, गिऱ्हाईक पांगलं, की चिमाबाईची साडेपाचची जीप येईपर्यंतचा वेळ दोघींचा. रिकामे क्रेट पालथे घालायचे, त्यांवर पाय लांब सोडायचे, एक चहा दोघींत घ्यायचा. कपातला ताहेराला, बशीतला चिमाबाईला. घरी गेल्यावर दोघींनाही चूल होतीच. आठवड्यात अंग टाकायला मिळायचं ते एवढंच.

त्या वेळात चिमाबाई डिंगोऱ्याची आठवडाभराची खबर सांगायची. सांगायची कसली, करूनच दाखवायची. सरपंचाची चाल, चावडीवरचं भांडण, आपल्याच नवऱ्याचं, हौशीरामचं, चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधणं. ताहेरा हसून हसून पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "बस कर गं चिमे, पोटात दुखाया लागलं." हे एक वाक्य ऐकायला चिमाबाई आठवडाभर गोष्टी गोळा करायची. घरी तिचं बोलणं कोण ऐकतंय? हौशीराम 'हूं' म्हणायचा आणि घोरायचा.

मोबाईल ताहेराच्या लेकीचा, अफिफाचा जुना होता. मंचरला सासरी तिला नवा मिळाला, तसा तिनं जुना आईला दिला आणि त्यावर मालिका बघायला शिकवलं. पहिल्या रविवारी ताहेरानं कानातल्या दोन वायरींतली एक चिमाबाईपुढं धरली.

"घे, एक तू घाल. लई भारी हाय."

"मला नको बाई," चिमाबाई म्हणाली. "माझ्या कानात काय कमी भरलंय? घरी सून हाय की बोलाया."

ताहेरानं दुसरी वायर आपल्याच कानात घातली. चिमाबाईला वाटलं होतं, ती अजून एकदा तरी विचारेल. तिनं काही विचारलं नाही.

तिथून पुढं रविवारमागून रविवार तेच. पाच वाजले की ताहेरा पेटी झाकायची, क्रेटवर बसायची आणि मान खाली घालायची. पाय लांब करायचंही तिला सुचेना. चहाचा कप तसाच गार व्हायचा, वर साय धरायची.

"पाय वर घे गं. घोटे बघ कसे सुजल्यात."

"हां हां."

"च्या प्याली का?"

"हां."

 चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर चिमाबाईनं कधी संशय घेतला नव्हता, आणि आता वीतभर काचेवर जळायची पाळी आली होती. त्या काचेतल्या बाया तिनं एकदा वाकून बघितल्या. गोऱ्यापान, झोपेतही लाली लावलेल्या, त्यातली सासू किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारी. 'ह्यांनी कधी जुडी बांधली असंल का?' तिच्या मनात आलं. 'आणि माझी मैतरीण ह्यांच्यापायी येडी झालीय.'

एका रविवारी ती भिकाच्या म्हशीची गोष्ट घेऊन आली. भिकाची म्हैस बारशाच्या मांडवात घुसली होती आणि बाळाच्या आतेचा शालू चावत उभी राहिली होती. अशी गोष्ट वर्षातून एखादी मिळते. चिमाबाईनं जीपमध्ये मनातल्या मनात चारदा घोळवली होती. म्हशीचं चावणं, आतेचं किंचाळणं, सगळं केलं. आणि ताहेरा खदाखदा हसली.

चिमाबाई फुलली. पण ताहेराचे डोळे खालीच होते. ती मोबाईलमधल्या कुणाला तरी हसली होती.

पुढचा रविवार श्रावणातला पहिला. नागपंचमी तोंडावर आलेली. बांगड्या भरायला बायकांची ही झुंबड. ताहेरा एकीचा हात सोडून दुसरीचा धरत होती, "सैल सोड बाय, सैल सोड" म्हणत होती. मोबाईल मागं स्टुलावर पडला होता. चिमाबाईनं इकडंतिकडं बघितलं, तो उचलला आणि कोथिंबिरीच्या जुड्यांखाली, ओल्या गोणपाटाच्या आत सरकवला. घ्यायचा नव्हता तिला. आजचा अर्धा तास तेवढा हवा होता. जीप यायच्या वेळी 'हा काय, इथं पडलाय' म्हणून काढून द्यायचा, एवढाच बेत.

पाच वाजता ताहेरानं शोधाशोध केली. पेटी उपसली, ताडपत्री झटकली.

"मुआजनं नेला असंल," ती शेवटी म्हणाली. मुआज म्हणजे तिचा लेक. "माल न्यायला आला व्हता मघाशी. सारखा माझा मोबाईल उचलतो."

"नेला असंल," चिमाबाई म्हणाली. "बस तू. पाय वर घे."

ताहेरा बसली. चिमाबाईनं तिच्या पायाखाली दोन क्रेट दिले आणि म्हशीची गोष्ट नव्यानं काढली. आते किंचाळली तशी ताहेरानं पदर डोळ्यांना लावला. "बस कर गं चिमे!" मग गार वारं सुटलं, आणि दिवसभर हात दाबून दमलेली ती बाई चिमाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क झोपली. चिमाबाई हलली नाही. खांदा अवघडला तरी हलली नाही. वर्षभरात एवढं सुख तिला लाभलं नव्हतं.

फक्त उजवा हात मोकळा होता. त्याला रिकामं बसायची सवय नव्हती. उरलेल्या जुड्या न्यायला खानावळवाला यायचा होता, त्या सुकू नयेत म्हणून तो हात आपसूक बाजूच्या डबड्यात जात होता आणि कोथिंबिरीवर पाणी मारत होता. सव्वीस वर्षं मारत होता तसाच. पसाभर, पुन्हा पसाभर.

जीपचा हॉर्न वाजला तशी ताहेरा जागी झाली. चिमाबाईनं गोणपाट उचललं. मोबाईलमधून पाणी गळत होतं.

"हा काय..." तिच्या तोंडून निघालं, आणि ती मोबाईल पदराला पुसायला लागली.

ताहेरानं मोबाईल बघितला. गोणपाट बघितलं. मग चिमाबाईचा ओला हात बघितला.

"मागितला असतास तर बंद केला असता," ती म्हणाली. एवढंच. मोबाईल पदरात गुंडाळला आणि पेटी उचलून चालती झाली.

पुढच्या रविवारी ताडपत्री त्याच खांबाला होती, पण ताहेरा पाठ करून बसली. पाच वाजता तिनं चहा मागवला तो एकटीला. चिमाबाईनं बशी पुसून ठेवली होती, ती तशीच परत पिशवीत गेली. मोबाईल नारायणगावला दुरुस्तीला दिलाय, पंधरा दिवस लागतील, असं मुआज कुणाला तरी सांगत होता तेवढं तिच्या कानावर पडलं.

त्या रात्री ती सुनेजवळ जाऊन बसली.

"हर्षाली, तुझ्या त्या मोबाईलमधी मालिका दिसत्यात न्हवं? ती बंगल्यातली सासू, किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरती, ती लाव."

हर्षाली बघतच राहिली. "आत्या, तुमाला तर त्याचा राग व्हता!"

"राग हायच. तू लाव."

आठवडाभर जेवणं झाली की सासूसून एका मोबाईलला डोकं लावून बसल्या. हौशीराम आतून ओरडायचा, "दिवा मालवा गं, दिसभर राबून रातीचं डोळं फोडताय व्हय!" चिमाबाई प्रत्येक भाग मनात साठवत होती. पूर्वी गावच्या गोष्टी साठवायची तशी.

रविवारी दुपारी गर्दी ओसरली तशी ती ताहेरासमोर गिऱ्हाईकासारखी जाऊन बसली आणि हात पुढं केला.

"भर."

ताहेरानं वर बघितलं नाही. चिमाबाईचं माप अडीच, हे तिला झोपेतही माहीत होतं. तिनं सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या काढल्या. हात धरला आणि दाबला. अंगठ्याचं हाड कुरकुरलं. चिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात मागं घेतला नाही. दातओठ खात बोलायला सुरुवात केली.

"त्या थोरल्या सुनंला घराभाईर काढली. सोमवारी."

ताहेरानं दुसरी बांगडी चढवली.

"मंगळवारी कळलं, किल्ल्या धाकटीनं चोरल्यात. आणि सासूनं काय करावं?" चिमाबाईनं खांदे वर घेतले, हनुवटी ताणली, आणि त्या बंगल्यातली सासू बांगड्यांच्या पेटीसमोर बसली. "'निकल जाव!' म्हनली. आगं आई, हळू दाब की!"

ताहेराचे ओठ हलले. तिसरी बांगडी तिच्या हातातच राहिली.

"मग?"

"मग काय? सासू बागेत गेली आन बिबट्यानं वढली."

"मुंबईच्या बंगल्यात बिबट्या?"

"आपल्या उसात येतो, मग तिकडं जायाला त्याला काय तिकीट लागतंय?"

ताहेरा हसली. पोट धरून हसली, आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "खोटारडे! बस कर गं चिमे." मग तिसरी बांगडी पेटीत टाकून तिनं अडीचची काढली.

मोबाईल दुरुस्त होऊन आला. ताहेरानं राहिलेले सगळे भाग बघितले. बिबट्या कुठंच नव्हता. पण तेव्हापासून ठरून गेलं. आधी पाय वर, मग चहा, मग चिमाबाई. जीपला दहा मिनिटं उरली की मोबाईल. त्या दहा मिनिटांत चिमाबाई तोंड फिरवून जुड्या मोजायची. वायर तिनं शेवटपर्यंत कानाला लावली नाही.

पुढं ताहेराचे गुडघे गेले. २०२२ साली अफिफा तिला मंचरला घेऊन गेली. बांगड्यांचा धंदा मुआजनं गल्लीत दुकान घालून चालवलाय. हर्षाली नारायणगावला रोपवाटिकेत कामाला जाते. संध्याकाळी आली की अर्धा तास आडवी होते, मग मोबाईल घेते, हे सासूचंच वळण. हौशीराम आता सगळ्यांना सांगत फिरतो, की म्हातारपणी बायको हातची गेली, त्या काचेत घुसली.

चिमाबाई अजून रविवारी जुन्नरला बसते. तिला सुनेनं मोबाईल घेऊन दिलाय. पाच वाजले की ती क्रेटवर पाय सोडते आणि ताहेराला व्हिडिओ कॉल लावते. समोर तोंड दिसतं. चिमाबाई सरपंच करते, हौशीराम करते, ताहेरा मंचरला बसून पदर डोळ्यांना लावते. पण मधूनच ताहेराची नजर बाजूला सरकते. तिथं अफिफाचा टीव्ही चालू असतो, चिमाबाईला माहीत आहे.

"ताहेरे," ती भर बाजारात ओरडते, "इकडं बघ!"