वाऱ्याची पाळी

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. भित्रा आहे, हेही आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर तुम्ही म्हणाल, पंख्याने फसवलं. माझी जाळी दोन ठिकाणी वाकली आहे. दोन नंबरचं बटण केव्हाच पडलं, त्यामुळे मला मंद आणि जोरात एवढंच येतं, मधलं काही जमत नाही. अशी माणसंही असतात, पण त्यांना कोणी माळ्यावर टाकत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तारा, पाती, जाळी असं एकेक करत मी पंखा झालो आणि एका तपासनिसापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मला चालू केलं. मी डावीकडून उजवीकडे मान हलवली. त्याने माझ्या कार्डावर ‘ठीक’ असा शिक्का मारला. जन्मल्याबरोबर ‘नाही, नाही’ म्हणणाऱ्याला ठीक म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. पुढे आयुष्यभर मी नाही म्हणत राहिलो आणि लोक समजत राहिले की मी वारा घालतोय.

माझी नोकरी एका शिवणखोलीत लागली. तिथे शाळांचे गणवेश शिवत. खोलीत चार माणसं. कापड कापणारे मास्तर, त्यांना मोजपट्टीशिवाय बोलता येत नसे. कॉलर शिवून इस्त्री करणाऱ्या मावशी. वयाने मोठ्या, गुडघ्यांनी त्याहून मोठ्या. बटणं लावणारी एक, तिला सगळे टाचणी म्हणत. ती अंगाने तशी होती आणि जिभेने जास्तच. आणि काजं करणारी ताई. काज म्हणजे बटणाचं घर. ताईचं काज इतकं नेमकं असे की बटण आपण होऊन घरी यायचं.

पंखा मात्र एकच, मी. म्हणून मास्तरांनी कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने भिंतीवर यादी लिहिली होती, ‘वाऱ्याची पाळी’. कॉलर, काज, बटण, कापणी, अर्धा-अर्धा तास. ज्याची पाळी त्याच्याकडे माझं तोंड वळवायचं आणि माझ्या पाठीवरची खुंटी वर ओढायची, म्हणजे मान तिथेच थांबते. या यादीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी राज्यं वाटून घेतानाही होत नसतील.

“टाचणे, तुझा अर्धा तास संपला!”

“मावशी, तुमच्या घड्याळालासुद्धा घाम आलाय, ते पुढे पळतंय!”

चांगले दिवस होते, मित्रांनो. कोणी माझं कौतुक केलं नाही, पण माझ्यासाठी भांडलं. कौतुक आणखी वेगळं काय असतं?

मग त्या वर्षीचा उन्हाळा आला. जावयासारखा आला, बसला, आणि उठायचं नाव घेईना. मास्तरांची कात्री चटका देऊ लागली. रस्त्याचं डांबर चपलांना धरून ठेवायचं. दुपारी पक्ष्यांचा आवाज बंद झाला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. कोणीतरी गप्प बसलं की मला भीती वाटते.

ताईही गप्प झाली होती. तिचे वडील वर्षभर अंथरुणावर होते. त्यांचं उजवं अंग गेलं होतं, डावा हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोहोचायचा. घरात दोघंच. ताई पहाटे त्यांचं सगळं करून कामावर यायची, जेवणाच्या सुट्टीत घरी पळायची, त्यांना पाणी पाजून, चादर ओली करून परत यायची. स्वतः कधी जेवायची, हे मी त्या वर्षभरात पाहिलं नाही. सगळे तिला मायेने म्हणत, “काही लागलं तर सांग हो.” ती म्हणायची, “हो, सांगेन.” हे वाक्य मोठं सोयीचं असतं. म्हणणाऱ्यालाही बरं वाटतं आणि कोणाला उठावंही लागत नाही.

एकदा मात्र मावशी उठल्या. त्यांनी मला उचलून ताईच्या हातात दिलं.

“घेऊन जा हा घरी. बाबांना वारा लागेल.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही काय मेणाच्या आहोत?” टाचणी म्हणाली. “मास्तर वितळले तर वितळले. उंची कमी होईल, कापायला वाकावं लागणार नाही.”

अशा रीतीने सर्वांनी मिळून मला दान केलं. सर्वांना फार हलकं वाटलं. एकटी ताई जड झाली, कारण तिला मला तीन जिने चढवायचे होते.

तिची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खाली. खाटेवर बाबा. तीस वर्षं एका मोठ्या इमारतीत त्यांनी लिफ्ट चालवली होती आणि आता बिनलिफ्टच्या घरात वर अडकले होते. नशिबाला विनोद सुचतात, पण कुठे थांबायचं ते कळत नाही. मला पाहताच ते जरा वाकड्या ओठांनी म्हणाले, “या साहेब. वर की खाली?” मी मान हलवली. ते हसले. आमची दोस्ती झाली.

मला ठेवायला जागा हवी होती. खाटेशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बाबांचा पाण्याचा गडू असे. ताईने गडू उचलून खिडकीत ठेवला आणि स्टुलावर मला ठेवलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. ती ताईच्या ध्यानात राहिली नाही, कारण ती दुपारी येऊन स्वतः पाणी पाजायची.

पहिले दोन दिवस छान गेले. अंगावर ओली चादर, समोर मी. बाबा गारव्यात डोळे मिटून पडायचे. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, आपण काहीतरी भलं करतोय. गर्व फार वाईट. निदान जोरात फिरताना तरी करू नये.

तिसऱ्या दिवशी शिवणखोलीत घाईचं काम आलं. जेवणाची सुट्टी बसल्या जागी, असं मास्तरांनी जाहीर केलं. ताईने सकाळी चादर भिजवली, झळा येऊ नयेत म्हणून खिडकी लावली, मला जोरात चालू केलं, माझं तोंड बाबांकडे केलं आणि खुंटी वर ओढली.

“बाबा, आज दुपारी जमणार नाही. पंखा आहे. तो बघेल तुमच्याकडे.”

दार लागलं. तिच्या चपलांचा आवाज जिन्याने खाली खाली गेला.

चादर अर्ध्या तासात वाळली. दुपार चढली तसा पत्रा कडकड वाजू लागला. खोलीतली हवा बाबांच्या अंगापेक्षा गरम झाली, आणि मग मला कळलं की मी काय करतोय. मी वारा तयार करत नाही, मित्रांनो. मी फक्त हवा ढकलतो, आणि मी भट्टी ढकलत होतो. ओल्या अंगावर मी औषध आहे. कोरड्या अंगावर मी इस्त्री आहे.

बाबांच्या कपाळावरचा घाम आधी कमी झाला, मग थांबला. त्यांची कातडी कागदासारखी दिसू लागली. डावा हात उठला आणि स्टुलाकडे आला. गडू शोधत होता. बोटं माझ्या बैठकीला लागली, थोडी चाचपडली आणि परत गेली. तिथे पाणी असायला हवं होतं. तिथे मी होतो.

“पाणी,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. खोलीत दुसरं होतं कोण?

मला नाही म्हणायचं होतं. असं करू नका, मला बंद करा, कोणीतरी या, असं ओरडायचं होतं. आयुष्यभर कारण नसताना नाही म्हटलं, आणि ज्या दिवशी म्हणायला हवं होतं त्या दिवशी माझी मान आवळून ठेवली होती. मी सरळ त्यांच्या तोंडावर आग ओतत राहिलो. वीज जावी म्हणून मी प्रार्थना केली. एरवी दिवसातून चारदा पळून जाणारी वीज त्या दिवशी एकदम कामसू झाली होती. माझ्या पोटातल्या तारा तापल्या, जळका वास सुटला. मला वाटलं, मी जळेन आणि थांबेन. मी थांबलो नाही. इतका भक्कम बनवल्याबद्दल त्या कारखान्याला मी तेवढा एकदाच शाप दिला.

थोड्या वेळाने बाबा बडबडू लागले. डोळे अर्धे उघडे. “या साहेब... गर्दी करू नका... वर की खाली?” कोणी उत्तर दिलं नाही. “वर? बरं. वर.” मग तेही थांबलं, आणि खोलीत माझाच आवाज उरला. स्वतःच्या आवाजाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

त्याच वेळी शिवणखोलीत काय चाललं होतं ते मला नंतर टाचणीकडून कळलं. तिच्याकडून काही कळायला वेळ लागत नाही.

शर्टाच्या दोन पट्ट्या असतात. एका पट्टीवर काजं, दुसरीवर बटणं. टाचणीने ताईकडून आलेला गठ्ठा उघडला आणि पाहतच राहिली. एकोणीस शर्ट, आणि प्रत्येकाच्या दोन्ही पट्ट्यांवर काजं!

“ताई, बटणं कुठे लावू? हवेत?”

मास्तर धावत आले. मोजपट्टी गळ्यातून पडली. “एकोणीस! अहो, दोन्हीकडे घरं, मग राहायला कोण येणार?”

ताईने शर्टांकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते, पण त्यांत ती नव्हती. मावशींनी गरम इस्त्री बाजूला ठेवली.

“हिचं काज कधी चुकत नाही. अगं, तुला म्हटलं होतं ना, काही लागलं तर सांग?”

“काय काय सांगू मावशी?” ताईचा आवाज फाटला. “पहाटे लागतं, दुपारी लागतं, रोज लागतं. रोज कोणाला सांगू?”

मग मावशींनी विचारलं, “आत्ता बाबांजवळ कोण आहे?”

“पंखा आहे.”

“पाणी कोण मारतं त्यांच्यावर?”

“सकाळी चादर भिजवून आले.”

मावशींनी इस्त्रीकडे पाहिलं. तीस वर्षं त्या कॉलरवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवत होत्या. “ऊठ,” त्या म्हणाल्या. “बिनपाण्याच्या कापडावर इस्त्री ठेवून आलीस तू. ऊठ आधी!”

“आणि हे काम?” मास्तरांनी विचारलं.

“ते कुठे जातंय? त्याला पाय आहेत का? तुम्हाला आहेत, तुम्हीही चला.”

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मला आधी वाटलं, माझाच एखादा स्क्रू निखळला. दार धाडकन उघडलं. टाचणीने पहिला फटका मला मारला, बंद करण्यासाठी. आयुष्यात एवढं गोड कोणी मारलं नव्हतं. ताईने गडू बाबांच्या अंगावर उपडा केला, मास्तरांनी बादली आणली, चादर भिजवली. मावशी मागून आल्या, दर मजल्यावर थांबून जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत. त्यांनी खुंटी दाबून मला पुन्हा चालू केलं, ओल्या अंगावर, उघड्या दारातली हवा घेत. मी जीव तोडून मान हलवली.

“बाबा! बाबा, ओ द्या ना!” ताई त्यांचे पाय चोळत होती.

मास्तरांनी आणखी एक बादली ओतली. मग ओठ हलले. “...वर की खाली?”

“खाली, बाबा!” टाचणी ओरडली. “आता फक्त खाली!”

खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना तीन जिने उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. मी वरच राहिलो. त्या संध्याकाळपर्यंतची भीती मी सांगत नाही. तेवढी सांगायला माझ्याकडे बटण नाही.

बाबा वाचले. पाच दिवसांनी परत आले. डॉक्टरीणबाईंनी ताईला सांगितलं होतं, “एवढ्या उन्हात कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे भट्टीचा भाता. पाणी हवं आणि माणूस हवं.” पाण्याचं सोपं होतं. मला जमिनीवर उतरवलं आणि गडू स्टुलावर परत गेला. ती जागा त्याचीच होती.

माणसाचं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टाचणी उभी. तिच्यामागून सुट्टीत घरी आलेली ताई जिना चढत होती.

“तू कशी?” ताईने विचारलं. “हे बघ, मला कोणाचे उपकार नकोत.”

“उपकार कसले? भिंतीवरची यादी कोणी पुसलीय का? एक ते दीड माझी पाळी. पंखा तू इकडे आणलास, म्हणून इकडे यावं लागलं. तीन जिने चढून वारा खायचा म्हणजे जाच आहे नुसता. सरक, बसू दे.”

दीडला मास्तर आले, घड्याळ दाखवत. दोनला मावशी, जिन्याला शिव्या देत. येणारा प्रत्येक जण आधी चादर भिजवायचा, बाबांना पाणी पाजायचा आणि मग माझ्यासमोर बसून म्हणायचा, “हं, आता माझा वारा.” मास्तर पेपर मोठ्याने वाचतात, बाबांना झोप लागते, पण हा उपचाराचा भाग नाही. त्या एकोणीस शर्टांच्या पट्ट्या मावशी आणि टाचणीने उसवून नव्या लावल्या. ताई आता सुट्टीत बसून जेवते. मला हे टाचणीने सांगितलं, म्हणजे खरं असणार.

मित्रांनो, मी अजून भित्राच आहे. यंदाही ऊन तसंच आहे, पत्रा तसाच वाजतो. रोज एक वाजत आला की जिन्यावर पाऊल वाजेपर्यंत माझी पाती थरथरतात. तुमच्या मित्रमैत्रिणींपैकी कोणाच्या घरी असं अंथरूण असेल, तर त्यांना पंखा द्या, जरूर द्या. पण ‘काही लागलं तर सांग’ म्हणून घरी जाऊ नका. ‘दोन वाजता येतो’ म्हणा, आणि या. आमच्याकडे पाय, हात, गडू काहीच नसतं. आम्हाला एकट्याला कोणाच्या उशाशी ठेवून जाऊ नका.

आत्ता दोनला पाच कमी आहेत. मास्तर पेपर घडी करताहेत. बाबांचा डावा हात गडूवर आहे. खाली कोणीतरी पहिल्या मजल्यावर थांबून जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतंय.

आल्या.