साक्षीत नसलेली दुपार

साक्ष ऐकावी तर प्रेमदासची, असं जवळा बाजारच्या प्रार्थनेला येणारी माणसं म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा तो उभा राहिला की सावरून बसत. दारू कशी लागली, घरातली भांडी कशी गेली, बायकोला कसं मारलं, एकदा तर चुलीतलं पेटतं लाकूड कसं उचललं, हे सगळं तो काही न लपवता सांगायचा. मग आवाज खाली आणायचा.

"मी बाजारात पिऊन पडलो व्हतो आन तिकडं माही लेक तापानं गेली. देवानं लेकरू नेलं, तवा ह्या पाप्याचे डोळे उघडले."

इथं बायांचे पदर डोळ्यांना लागत. पास्टर अमृतराव "प्रभूची स्तुती असो" म्हणत आणि सगळं शेड एका आवाजात "आमेन" म्हणे.

एकटी शिला म्हणत नसे. ती प्रेमदासची बायको. मार तिनं खाल्लेला, लेक तिच्या पोटची गेलेली, पण साक्षीचा धनी नवरा. प्रार्थना संपली की लोक त्याचा हात हातात घेत आणि तिला म्हणत, "ताई, नशीबवान हाव तुमी. असा माणूस बदलला." ती मान हलवी. दुसरं काय करणार? गावोगावच्या मेळाव्यांतून त्याला बोलावणी येऊ लागली, तशी स्वतःची मारहाण तिला पाठच होऊन गेली. जळत्या लाकडाच्या आधी तो खोकायचा, लेकीच्या आधी थांबायचा. ढोंग नव्हतं त्यात, एवढं त्याच्या बाजूनं बोललंच पाहिजे. माणूस खरोखर रडायचा. पण रडायची जागा ठरून गेली की शेजारी बसलेल्या बाईचं काय होतं, ते रडणाऱ्याच्या गावीही नसतं.

आणि शिलाला एक गोष्ट ठाऊक होती, जी साक्षीत नव्हती. त्या दुपारी प्रेमदास बाजारात पडलेला नव्हता.

त्यांचा तांडा शिरड शहापूरच्या बाजूचा, मुख्य रस्त्यापासून बराच आत. त्या दिवशी जवळ्याचा आठवडी बाजार होता आणि प्रेमदास सकाळीच मोटरसायकल घेऊन गेला होता. चार वर्षांच्या पुजाला ताप होताच, दुपारी तिचे डोळे फिरले. शिलानं तिला खांद्यावर टाकलं आणि फाट्यापर्यंत पळत आली. बाभळीखाली उभी राहून दिसेल त्या गाडीला हात करू लागली. बाजाराचा दिवस, गाड्या माणसांनी आणि पोत्यांनी भरलेल्या. कुणी थांबेना. तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं ओळखीची मोटरसायकल आली, आणि शिला रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

प्रेमदास थांबला. एक पाय खाली टेकवून डोलत बसला होता. "काय झालं?"

"लेकरू डोळे उघडंना. दवाखान्यात चला लवकर."

त्यानं हात पुढं केला आणि पुजाच्या कपाळावर ठेवला. चांगला मिनिटभर ठेवला. मग म्हणाला, "ताप हाय. इथंच थांब, आलोच." गाडी वळवली आणि आला तसा बाजाराकडं निघून गेला.

तो आलाच नाही. पुजा त्याच बाभळीखाली, ऊन कलायच्या आत, "याडी, पाणी" एवढं म्हणून गेली. शिलाची ती याडी. तांड्यातली सगळी लेकरं आईला याडीच म्हणतात. ओढ्याच्या काठाला तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर प्रेमदासला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तो छाती बडवून विचारत होता, मला कुणी बोलवायला काहून आलं न्हाई?

शिलाच्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही, आणि मग तो आत राहूनच गेला. पुढं कापूस वेचायच्या टोळीतल्या पारुबाईनं तिला विहिरीच्या काठावरून केसाला धरून मागं ओढलं. म्हातारी ख्रिस्ती होती. तिनं ना समजूत काढली ना रागावली, कपाशीच्या ओळीतच तिला गुडघ्यावर बसवलं. "रोज बोलत जा त्याच्यासंगं. तो ऐकाया बसलाय," म्हणाली. शिला बोलत गेली. देवापुढं मागणं एकच, ह्या माणसाची दारू सुटू दे. ती प्रार्थनेला जाऊ लागली, तशी तांड्यानं नावं ठेवली. दिवाळीला कुवार पोरी हातात दिवे घेऊन घरोघर ओवाळत फिरतात, त्या तिचं दार चुकवून पुढं जाऊ लागल्या. पुजा असती तर आता त्यांच्यातच असती, हे मनात आल्याशिवाय तिची एक दिवाळी गेली नाही. तरी तिनं मागणं सोडलं नाही, आणि एके दिवशी प्रेमदास आपल्या पायानं चालत प्रार्थनेला आला. दारू सुटली ती सुटलीच.

मागितलं ते मिळालं होतं. मग आत हे काय कुजत होतं? देवानं लेकरू नेलं, हे वाक्य ऐकलं की तिला शेडबाहेर पळून जावंसं वाटे. आपण ज्याच्यापुढं गुडघे टेकतो त्यानं पुजाला नेलं? नवऱ्याला वळण लावायला? तसं असेल तर असल्या देवाशी आपण इतकी वर्षं काय बोलत बसलो? हल्ली ती डोळे मिटायची आणि आत काहीच नसायचं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मोठा मेळावा होता. अमृतराव चांगला माणूस, त्यांनी चांगल्या मनानंच सुचवलं. "ताई, या वेळी तुम्हीही उभ्या राहा. फार नाही, एवढंच म्हणा की मी माझ्या नवऱ्याला माफ केलं. घराघरांत तुमच्यासारख्या बायका आहेत. त्यांना बळ मिळेल."

होकार दिला तर देवाच्या घरात खोटं बोलायचं, आणि नाही म्हटलं तर कारण सांगायचं. ती पारुबाईकडं गेली. म्हातारी आता खाटेला खिळली होती. आयुष्यात पहिल्यांदा शिलानं ती दुपार कुणाला तरी सांगितली.

पारुबाईनं तिचा हात हातात घेऊन चोळला. "देवाला ठाऊकच हाय ते," मग म्हणाली. "तुह्या धन्यालाच तेवढं ठाऊक न्हाई."

"आन सांगितल्यावर तो पुन्हा पेला तर? माझं लेकरूबी गेलं आन मागणंबी गेलं. मग मी कशासाठी जगू, मावशी?"

म्हातारीनं हात तेवढा सोडला नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दोघं रानात कापूस वेचत होती. प्रेमदास वेचता वेचता साक्ष पुटपुटत होता, उद्या चुकायला नको म्हणून. "मी बाजारात पिऊन पडलो व्हतो," तो म्हणाला आणि शिलाचा हात बोंडावरच थांबला.

"तुमी बाजारात नव्हते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. न रडता, न थांबता, बाभळीपासून कपाळावरच्या हातापर्यंत आणि "आलोच" पर्यंत. प्रेमदास आधी हसला. मग म्हणाला, "न्हाई. मी बाजारात व्हतो. सगळ्यांला ठाऊक हाय."

"सगळ्यांला तुमीच सांगितलं."

प्रेमदासच्या तोंडाचा रंग उडाला. "इतकी वर्षं काहून बोलली न्हाईस?" असं त्यानं विचारलं, पण उत्तराला थांबला नाही. कमरेची कापसाची ओटी सोडली, ती तिथंच पडली आणि वाऱ्यानं कापूस ओळीभर पसरला. बांधावरची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बाजाराच्या दिशेनंच गेली.

संपलं. आपल्याच तोंडानं आपण घर जाळलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. देशीचं दुकान कुठं आहे, तिला ठाऊक होतं. आतापर्यंत तो आत बसलाही असेल. तिनं गुडघे टेकून पाहिलं. "बापा," एवढंच तोंडून आलं, आणि त्या बापाचाही तिला भरवसा वाटेना. मग ती उठली आणि चालू लागली. पायांनी तिला फाट्यावर आणून उभं केलं. बाभूळ तिथंच होती. इतक्या वर्षांत ती या झाडाखाली कधी थांबली नव्हती, तोंड फिरवून पुढं जायची.

गाड्या येत होत्या, जात होत्या. एक जीपवाला थांबला. "मावशी, येता का? जागा हाय."

"न्हाई," ती म्हणाली. "हे येऊन राहिले."

बोलली आणि स्वतःच्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला.

दिवस बुडायला आला तेव्हा मोटरसायकल दिसली. सरळ येत होती की डोलत, हे उतरत्या उन्हात कळेना. प्रेमदास थांबला, उतरला, तिच्यासमोर आला. तिनं मान पुढं करून वास घेतला. तिला लाज वाटली नाही आणि त्यानंही तोंड मागं घेतलं नाही.

वास नव्हता.

"दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला व्हता," तो म्हणाला.

"मग?"

"पेलो असतो तर पुन्हा इसरलो असतो."

प्रेमदासनं बाभळीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "कुठं उभी व्हतीस?"

ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"आन लेकरू?"

"ह्या खांद्यावर."

त्यानं हात उचलला. तिच्या खांद्याच्या जरा वर, जिथं कपाळ असायला हवं होतं तिथं आणला, आणि तिथंच धरून ठेवला. "लई पोळत व्हतं का?"

"लई."

"मला काहीच आठवंना, शिले. दिवसभर डोस्कं फोडून राहिलो. एक अक्षर आठवंना." हात खाली आला. "तुह्यावर इश्वास ठेवावा लागंल."

तेव्हा ती बोलली. पारुबाईलासुद्धा न सांगितलेलं बोलली. "तुमी गेल्यावर एक जीप थांबली व्हती. सरकून बस म्हणला डायवर. मी न्हाई म्हणलं. म्हणलं, हे येऊन राहिले." "मी बसले असते तर दवाखाना गाठला असता. मी बसले न्हाई."

प्रेमदास रस्त्याच्या कडेला, धुळीत, गुडघे पोटाशी घेऊन बसला. तो रडला नाही. ही रडायची जागा त्याला ठाऊक नव्हती. अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली, एकमेकांना हात न लावता.

मेळाव्याला माणसं बाहेर मांडवापर्यंत बसली होती. अमृतरावांनी प्रेमदासचं नाव घेतलं, तशी सगळी सावरून बसली. तो उभा राहिला. खोकला नाही. लाकडाचं काही बोलला नाही.

"माह्या लेकीचं नाव पुजा," तो म्हणाला. "तिला देवानं नेलं न्हाई. मी देवाच्या नावावर ढकललं. ती फाट्यावर तिच्या याडीच्या खांद्यावर व्हती. मी बाजारात नव्हतो. मी आलो, तिच्या कपाळाला हात लावला, आलोच म्हणलो. हिनं इश्वास ठेवला. मी आलो न्हाई."

आणि खाली बसला.

कुणाचा पदर डोळ्याला गेला नाही. एक बाई कुजबुजली, संपलं का? अमृतरावांनी बायबल उघडलं, मिटलं, आणि शिलाकडं पाहिलं. तिनं त्यांना नाही म्हटलं नव्हतं, आता तिची पाळी होती. शिला उभी राहिली. माफ केलं, हे शब्द ती मनात शोधत होती, पण ते अजून तिथं नव्हते. कधी येतील, येतील की नाही, तिला माहीत नव्हतं. लेकरू ओढ्याच्या काठाला होतं तिथंच होतं.

"आमेन," शिला म्हणाली. तिच्यामागं कुणीच म्हणालं नाही.