सगळ्यात हळू, तो पुढे

“थांबा रे, बुटात खडा गेलाय,” असं म्हणून पावशेर रस्त्याकडेच्या कट्ट्यावर टेकला.

शर्यत सुरू झाल्यापासून त्याच्या बुटात गेलेला हा तिसरा खडा. कवळी गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि श्वास गोळा करू लागला. पावशेरने बूट काढला, झटकला, आत डोकावून पाहिलं, पुन्हा झटकला. आतून काहीच पडलं नाही. मास्तर तेवढ्यात बुटाची चांगली घट्ट बांधलेली नाडी सोडून परत बांधायला लागले होते, आणि एरवी इस्पितळात सलाइनच्या बाटल्या पटापट उघडणाऱ्या सिस्टरला पाण्याच्या बाटलीचं झाकण निघत नव्हतं. तिघंही इतकं वाईट नाटक करत होते की कोणालाही हसू आलं असतं. कवळीला हसण्यापुरता श्वास नव्हता.

कवळी हे काही त्याचं नाव नव्हे. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा, म्हणून मित्रांनी तेच नाव चिकटवलं आणि ते पुढे बायकोच्याही तोंडी बसलं. एका खोलीत, खिडकीपाशी टेबल मांडून, प्लास्टरचे साचे आणि घासायचं यंत्र घेऊन त्याने उभा जन्म काढला होता. किती म्हाताऱ्यांना त्याने चारचौघांत तोंड उघडून हसायला लावलं असेल, त्याची गणती नाही. त्या घासण्यातून उडणारी पांढरी पूड मात्र इमानेइतबारे त्याच्या छातीत जमा होत गेली. “तोंडाला फडकं बांधून काम करायला मी काय चोर आहे?” असं तो म्हणायचा. तोच हट्ट नडला. छातीचा फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, “चालायला हरकत नाही. पळणं आता विसरा.”

त्याने हातापाया पडून या एका शर्यतीची सवलत मागून घेतली होती. डॉक्टरांनी मान हलवली ती होकाराची की कंटाळ्याची, हे त्याने विचारलं नाही. बायको सकाळी दार उघडताना म्हणाली, “एवढी एक पळून घ्या. पण आपल्या पायांनी घरी या. कुणी उचलून आणलेलं मला चालायचं नाही.” ती आणि मुलगी आत्ता शेवटच्या रेषेपाशी, कठड्याला रेलून उभ्या असणार. ती रेघ त्याला ओलांडायची होती. या तिघांसोबत, नेहमीसारखे हातात हात घालून. त्यापलीकडे त्याला या वर्षी कुणाकडून काही नको होतं.

चौघं कित्येक वर्षं रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारायचे. पळायची रीत मास्तरांनी घालून दिलेली. शाळेतल्या मुलांना सहलीला नेताना ते सगळ्यात हळू चालणारं पोर पुढे ठेवत, म्हणजे मागे कुणी राहतच नाही. तसंच इथे. जो सगळ्यात हळू, तो पुढे, आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने मागून यायचं. पुढे अर्थातच पावशेर असे. त्याची बेकरी होती आणि स्वतःच्या मालाची चव तो स्वतःच घेत असल्याचं त्याच्या अंगावर दिसत होतं. मागून तिघं त्याला सळो की पळो करून सोडत. “पावशेर, बाजूला हो, एक आजीबाई काठी टेकत पुढे चालल्यात!” असं ओरडण्यात कवळीचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग एका पहाटे पावशेर पळता पळता बाजूला झाला. “कवळी, आज तू हो पुढे,” तो म्हणाला, “माझ्या पाठीला तुमच्या नजरा टोचतात.” कवळी मुकाट्याने पुढे झाला. त्या दिवसापासून मागून कुणी त्याची एकदाही चेष्टा केली नाही. त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं.

पावशेर बुटात पाय घालत असतानाच एक स्वयंसेवक मोटारसायकलवरून आला. “काका, आवरा. शेवटची बस मागच्या चौकात आलीय. तिने गाठलं की नंबर काढून घेतात आणि बसमध्ये बसवतात. रस्ता मोकळा करायचाय.”

“येऊ दे की,” पावशेर म्हणाला. “चौघंही बसू. खिडकी माझी, आत्ताच सांगून ठेवतो.”

“मला तर बरंच आहे,” सिस्टर म्हणाली. “रात्रपाळी करून आलेय. बसल्या जागी डुलकी काढीन.”

मास्तरांनी उजवा गुडघा चोळला आणि मग म्हणाले, “हो, बसू की. त्यात काय.”

कवळी त्या गुडघ्याकडे पाहत राहिला. पुढच्या महिन्यात त्याचं ऑपरेशन होतं. “एवढी शर्यत पुरी करतो आणि गुडघा डॉक्टरांच्या हवाली करतो. मग मी आपला टाळ्या वाजवायला,” असं मास्तरांनीच सांगितलं होतं. सत्तरीचा माणूस. त्याचीही ही शेवटचीच होती, फक्त त्याचं वाईट वाटणं तो कुणाला दाखवत नव्हता.

“तुम्ही व्हा पुढे,” कवळी म्हणाला. “मी येतो मागून, सावकाश.”

“गप रे,” पावशेर म्हणाला.

“अरे, खरंच सांगतोय.”

सिस्टरने त्याचं मनगट धरलं. थोडा वेळ नाडी पाहिली आणि काय दिसलं ते सांगितलं नाही. “कवळीभाऊ, चौघं आलोय, चौघं जाणार. विषय संपला.”

विषय संपला नव्हता. बस कोपऱ्यावरून वळताना दिसली. पांढरी, अर्धी रिकामी, माणसाच्या चालीने येणारी. कवळीने रेघेचा विचार केला, कठड्याशी उभ्या असलेल्या दोघींचा केला आणि मग रोज थांब्यावर करावा तसा हात वर केला. बस थांबली. तिघांच्या ध्यानात येईपर्यंत तो पायरी चढून आत गेला होता.

“दार लावा,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

पावशेर बाहेरून पत्र्यावर हात आपटायला लागला. “उघडा! कवळी, येडा झालास का? खाली उतर!”

आतल्या स्वयंसेवक मुलीने त्याच्या छातीवरचा नंबर हलक्या हाताने काढून घेतला. कवळीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “पळा, गाढवांनो! बस तुमच्याच मागे लागलीय! मास्तर, तुम्हाला गाढव म्हटलं नाही, पण तुम्हीही पळा!”

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पावशेरचा दंड धरला. “चल. तो चढलाय. आता आपण थांबलो तर त्याचं चढणं फुकट जाईल.”

आणि तिघं निघाले.

ते आपल्यासाठी हळू पळतात हे कवळीला ठाऊक होतं. थोडं हळू, असं त्याने धरलं होतं. पुढे पळणाऱ्याला मागचं काय दिसणार? आता तो बसमधून पाहत होता. सिस्टरची पावलं रस्त्याला लागताहेत की नाही, कळत नव्हतं. पावशेरचं ते एवढं धूड सुटल्यासारखं निघालं होतं. मास्तर तर त्या तसल्या गुडघ्यानिशी सगळ्यांच्या पुढे जात होते. बघता बघता बसमध्ये आणि त्यांच्यात केवढं तरी अंतर पडलं. इतके दिवस ते त्याच्यासाठी पळत नव्हतेच, जवळजवळ चालत होते.

त्याला आनंद झाला. आणि ते इतक्या सहज निघून गेले, याचं वाईटही वाटलं. फार वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं आणि त्याने डोळे पुसले नाहीत. बसमधले सगळेच आपापल्या खिडकीकडे तोंड करून बसले होते.

“जरा जोरात घ्या ना,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “दिसेनासे होतील हो.”

“नाही काका. ही गाडी ठरल्या चालीनेच न्यायची असते. पुढे माणसं आहेत.”

शेजारी एक बाई पाय चोळत बसली होती. तिने त्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं. “ते तिघं तुमचेच का?”

“हो.”

“चांगले पळतात हो.”

“मलाही आत्ताच कळलं,” कवळी म्हणाला.

पुढे रस्ता अरुंद होऊन वळत होता. आता त्यांच्यात पुढे कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं. तिघं खांद्याला खांदा लावून एका ओळीत पळत होते. तेवढा रस्ता तिघांना पुरत होता.