तीन रविवार

नाना पेठेतल्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी मंडळीचा नवा वडील, म्हणजे कारभार पाहणारा पंच, म्हणून माधव साळवेचं नाव वाचलं, तेव्हा माधव शेवटच्या बाकावर घड्याळाकडं बघत बसला होता. त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. पंचांनी प्रार्थना करून नाव काढायचं, तीन रविवार ते सगळ्यांसमोर वाचायचं आणि कुणाची हरकत नसली की चौथ्या रविवारी डोक्यावर हात ठेवून नेमायचं. भर देवळात हरकत आजवर कुणी घेतली नव्हती. पुण्यात हरकती चहा पिताना, तिसऱ्याच्या घरी घेतात.

उपासनेनंतर लोकांनी त्याचा हात हातात घेतला. हिंदुराव पवार अंथरुणाला खिळले होते तेव्हा दोन महिने रोज संध्याकाळी माधव त्यांना भरवायला जाई, ते लोकांनी पाहिलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी त्याला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली होती ती अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर, धर्म ‘हिंदू’ असं लिहिलेल्या अर्जावर. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला होता. सरकारच्या लेखी तिथंच सवलत संपली. गावच्या विहिरीवर मात्र त्याची खबर कुणी पोचवली नाही, तिथं आजोबा होते तेच राहिले. माधवनं एका शब्दानं नोकरी मिळवली आणि रविवारी मागच्या बाकावर बसायची सवय लावून घेतली. आता मंडळीच्या वडिलांची नावं, धर्मासकट, सरकारकडं द्यायच्या विश्वस्तांच्या यादीत जाणार होती. कचेरीत कुणी ना कुणी ती वाचलीच असती.

तो पाळकांकडं, दीनानाथरावांकडं गेला आणि म्हणाला, मला वेळ नाही. ते म्हणाले, वेळ असलेली माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत, आणि पुन्हा चष्मा लावून वाचू लागले. सायकल हातात धरून तो घरापर्यंत चालत आला. भीती नोकरीची होतीच. पण हे काम आपल्याला हवं आहे, मनापासून हवं आहे, हे कळल्यावर तो अधिकच घाबरला.

दुसऱ्या रविवारी नाव वाचताना कुणीतरी खोकलं आणि तो दचकून अर्धा उठला. त्या रात्री त्यानं बायकोला, हेमाला सांगितलं, की हे खोटं डोक्यात ठेवून त्यावर हात ठेवून घेणं मला जमायचं नाही. हेमा भाजी निवडत होती. गप्प बसा, कुणाला कळत नाही, असं ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, “आपली शकू बारावीला आहे. तिला काय सांगायचं?” नंतर आठवडाभर ती कामापुरतंच बोलली, आणि तेही शकूमार्फत.

तिसऱ्या रविवारी दीनानाथरावांनी नाव वाचलं, हरकत असल्यास सांगा म्हटलं आणि सवयीनं पान उलटलं.

“माझी आहे,” माधव म्हणाला.

उठून त्यानं पुढचा बाक धरला. मग नोकरीचं, अर्जाचं, त्या एका शब्दाचं सगळं सांगितलं. उद्या कचेरीतल्या साहेबांकडं जाऊन खरं काय ते लिहून देणार, हेही सांगितलं. पुरुषांच्या बाजूचे निम्मे लोक जमिनीकडं बघू लागले. त्यांच्या घरातही तसले दाखले होते.

दीनानाथरावांनी पान परत उलटलं. “हे सगळं होऊनही वडील होण्याचं बोलावणं तेच राहिलं, तर?”

“तर येईन,” माधव म्हणाला. “नोकरी नसलेला चालत असेल तर.”

बायका डाव्या बाजूला बसतात, आणि उपासना चालू असताना मधली वाट कुणी ओलांडत नाही. हेमानं ओलांडली. ती सगळ्यांदेखत माधवशेजारी येऊन उभी राहिली.

“त्या अर्जावरचं अक्षर माझं आहे,” ती पाळकांना म्हणाली. “त्यांना लिहवत नव्हतं. तो शब्द मी लिहिला. उद्या मीपण जाणार आहे.”