जेवणाच्या सुट्टीतला आकडा

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. पितळी अंग, काचेचं तोंड आणि एकच काटा, एवढाच माझा संसार. आमच्या कारखान्यात लांबलचक नळीतून दाबलेली हवा यंत्रांना पुरवतात. त्या नळीच्या अगदी शेवटच्या टोकाला मी चौदा वर्षं आहे. सुरुवातीला माझं भारी कौतुक होतं. फिटरकाका रोज बाहीने माझी काच पुसत. पुढे काचेवर तेलाचा थर चढला आणि मला कोणी विचारेनासं झालं.

एक दिवस साहेब आले. माझ्याशेजारच्या यंत्रावर एक ताई लोखंडाच्या तुकड्यांना भोकं पाडतात. त्यांच्यासाठी हवेच्या जोरावर लोखंड आवळून धरणारा शिकंजा घ्यायचा होता. त्याला निदान पाच किलो दाब लागतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सहा किलो! झक्कास. मागवून टाका."

"साहेब, सगळी यंत्रं चालू असताना बघा की एकदा," काका म्हणाले. "नळी बारीक आहे. पुढच्यांनी हवा ओढली की इथवर दाब पोचत नाही."

"काका, तुमचं आपलं काहीतरीच! काटा काय खोटं बोलतो?"

मी खोटं बोलत नव्हतो हो. पण जेवणाची सुट्टी होती, सारी यंत्रं बंद होती.

शिकंजा बसला. पहिल्याच सकाळी एकेक यंत्र सुरू झालं आणि माझा काटा पाचावर आला. मग साडेचार. ताई मान खाली घालून कामात, हात तुकड्यापासून चार बोटांवर. चार किलो. माझा जीव टांगणीला लागला. अहो, कोणीतरी वर बघा! पण मला आवाज कुठला? काटा साडेतीनवर येताच शिकंजा सैलावला, भोक पाडणाऱ्या यंत्राबरोबर तुकडा गरकन फिरला आणि ताईंचा तळहात फाडून गेला.

"गेज बिघडलाय. बदला तो," साहेब घाईघाईने म्हणाले.

काकांनी मला उतरवून कोरा गेज लावला. त्यानेही साडेतीनच दाखवले.

हाताला फडकं गुंडाळून ताई उभ्या होत्या. "साहेब, तुम्ही बघितलं तेव्हा यंत्रं चालू होती?"

"बंद होती."

"मग मला कशाच्या भरवशावर बसवलंत?"

साहेबांनी त्याच दिवशी जाड नळी मागवली.

आता जाड नळी आली आहे, काकांनी मला पुन्हा जागेवर बसवलं आहे. मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, पण मला काम चालू असताना बघत जा. त्या सकाळी एकाने जरी मान वर केली असती, तर आज ताईंची मूठ पूर्ण मिटली असती.