कोऱ्या सहीवरचे वजन

मित्रांनो, माझ्या डाव्या कडेचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही. मी पासपोर्ट कार्यालयातला एक जुना पेपरवेट आहे. काचेचा, मुठीएवढा, पोटात हवेचा एक बुडबुडा असलेला.

भट्टीत मला सळीच्या टोकावर गोल फिरवले, तेव्हा तो बुडबुडा आत राहून गेला. कारागीर म्हणाला, "हा बाद." पण त्याच्या बायकोला तो बुडबुडा आवडला आणि तिने मला चांगल्या मालाच्या खोक्यात सरकवून दिले. तेथून मी आलो तो थेट पासपोर्ट अधिकाऱ्याच्या टेबलावर.

अक्षरे मला फार उशिरा आली. माझ्या काचेतून खालचे अक्षर फुगून मोठे दिसते, पण दिसणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. कार्यालयात एक मोठे कारकून होते, त्यांना सगळे काका म्हणत. अर्ज भरून घेताना ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. ते ऐकत ऐकत बारा-तेरा वर्षांनी मी पहिला मजकूर वाचला. तो समोरच्या भिंतीवरच्या पाटीचा होता. अर्ज घेणे, कागद तपासणे, बोटांचे ठसे घेणे, ते जुन्या ठशांशी ताडून पाहणे, पासपोर्ट टंकलिखित करणे, ही कामे कारकुनांनी केली तरी चालत. अर्ज मंजूर करायचा की नाकारायचा, एवढे मात्र अधिकाऱ्यानेच ठरवायचे. त्याखाली जाड अक्षरांत एक ओळ होती, "हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता येणार नाही."

माझ्या टेबलावर पुढे एक मॅडम आल्या. कामाला वाघ, पण सतत घाईत. पंखा लागला की त्या मला थोपटून म्हणत, "हा नसता तर माझं टेबल खिडकीतून उडून गेलं असतं." मी फुगून जात असे.

एका सकाळी मॅडमना मुख्य कार्यालयातून तातडीचे बोलावणे आले. निघता निघता त्यांनी निर्णयाच्या पाच कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, ते माझ्याखाली सरकवले आणि म्हणाल्या, "काका, साधी प्रकरणं असतील तर भरून टाका. लोकांचा खोळंबा नको."

मला ते पाच कागद पन्नासांसारखे जड वाटले.

दुपारी एक मावशी आली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती बावीस वर्षे चादरी धूत होती. तिची मुलगी सीमेपलीकडच्या शहरात होती आणि शनिवारी तिचे हृदयाचे ऑपरेशन ठरले होते. तिकडे जाणारी बस आठवड्यातून एकदाच सुटायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. पासपोर्ट त्याच दिवशी हातात पडला तरच आईला मुलीजवळ पोहोचता येणार होते.

काकांनी तिच्या बोटांना शाई लावली. कागदावर नुसते काळे डाग उठले, रेघ एकही नाही. पुन्हा केले, तरी तेच.

"साबणानं खाल्ली हो बोटं," मावशी ओशाळून म्हणाली.

ठसा उठला नाही तर माणूस तोच आहे की नाही, हे अधिकाऱ्याने स्वतः पाहून ठरवायचे असते. मॅडम तर जागेवर नव्हत्या. घड्याळात सव्वातीन झाले होते आणि कार्यालय पाचला बंद व्हायचे.

शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेला सगळे टकटकताई म्हणत. ती मान वळवून म्हणाली, "काका, मॅडमची सही आहे की तुमच्याकडे. नाव घाला, मंजूर लिहा, मी पासपोर्ट टंकते."

"हं."

"अहो, त्या कागदाकडे असे बघताय, जसा काही साप बसलाय."

"साप परवडला," काका म्हणाले. "तो निदान फणा काढून दाखवतो."

काका का बिचकत होते ते मला ठाऊक होते. फार वर्षांपूर्वी, आधीच्या साहेबांच्या वेळी, त्यांनी असाच एक सही केलेला कागद भरला होता. एका बोटीवरच्या आचाऱ्याचा. पुढे तपासणी झाली. निर्णयाच्या दिवशी साहेब रजेवर होते, असे हजेरीवहीत निघाले. पासपोर्ट रद्द झाला आणि आचाऱ्याला बोटीच्या शिडीवरून ट्रंकेसकट खाली उतरवले. तो कागदही माझ्याच खाली होता.

मावशी बाकावरून उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. काही मागितले नाही, नुसती उभी राहिली. काकांनी डाव्या हाताने मला उचलले, उजव्या हाताने वरचा कागद ओढला आणि लिहायला घेतले. एक अक्षर झाले. दुसरे झाले. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. मी त्यातून निसटलो, टेबलाच्या लोखंडी पायावर आपटलो आणि माझा टवका उडाला.

मावशीने वाकून मला उचलले. मित्रांनो, माझ्या काचेवर प्रत्येकाच्या बोटांच्या रेघा उमटतात. तिच्या बोटांचा नुसता ओलसर डाग उमटला.

काकांनी लेखणी खाली ठेवली. "मावशी, हे मी लिहू शकतो. पण ठरवायचा हक्क माझा नाही. पुढे कोणी तारखा तपासल्या तर तुम्हाला सीमेवरच अडवतील."

"मॅडमनी सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय. पण जे त्यांना देताच येत नाही, ते त्यांनी दिलं म्हणून माझं होत नाही."

मावशीने मला परत कागदांवर ठेवले. "मग नको. मला पोरीपर्यंत पोहोचायचंय. अर्ध्या वाटेवरून परत यायचं नाही."

काकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. बैठक चालू आहे, असे तिकडचा शिपाई दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मॅडम फोनवर आल्या. काकांनी मावशीची अडचण सांगितली आणि पुढे एवढेच बोलले, "सही तुमची आहे, मॅडम, पण निर्णय तुमचा नाही. मी भरणार नाही."

पलीकडून आवाज आला, "निघते मी. तुमच्या हातात आहे तेवढं सगळं करून ठेवा."

तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती. काकांनी धुलाईखान्यात माणूस पाठवून मावशीचे नोकरीचे जुने कार्ड मागवले. त्यावर बावीस वर्षांपूर्वीचे दहा ठसे होते. मग गरम पाणी, कोरडे फडके आणि पुन्हा शाई, एकेका बोटाला. नऊ बोटे वाया गेली. साबणाच्या कामात मागे राहिलेल्या डाव्या करंगळीने मात्र रेघा दिल्या. काकांनी भिंग लावून त्या कार्डाशी ताडून पाहिल्या आणि तसे लिहून ठेवले. टकटकताईने कोरा पासपोर्ट यंत्रात चढवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. पहिले अक्षर मारायचीही तिला अजून परवानगी नव्हती.

"काका, पाच वाजले. दार ओढतो," पहारेकरी म्हणाला.

"तीन मिनिटं आहेत. तुझ्या घड्याळाला घरची ओढ लागलीय."

जिन्यावर पावले वाजली. मॅडमच्या चपलेचा पट्टा तुटला होता, ती हातात धरूनच त्या आत आल्या. बसल्या नाहीत. मावशीला समोर उभे करून कार्डावरचा फोटो पाहिला, धुलाईखान्याविषयी चार प्रश्न विचारले आणि करंगळीचा ठसा भिंगाखाली धरला.

"जुळवला कोणी?"

"मी. ठरवायचं तुम्ही."

मॅडमनी नवा कागद घेतला, 'मंजूर' असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि त्याखाली सही केली. ताईचे यंत्र टकटकू लागले. मावशी बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली.

पासपोर्ट घेऊन ती गेल्यावर मॅडमनी मला बाजूला केले, ते पाच कागद उचलले आणि फाडले. दोन अक्षरे लिहिलेला कागद त्यांनी सगळ्यांत शेवटी फाडला.

"विश्वास होता म्हणून ठेवले होते, काका."

"विश्वास होता म्हणूनच फोन केला, मॅडम."

पुढे संगणक आले. आता उडायला कागदच उरले नाहीत. मी खिडकीत असतो, एका झाडाच्या कुंडीशेजारी. अंगावर धूळ बसते, बुडबुडा दिसेनासा होतो. तुमच्यापैकी कोणी कधी त्या खिडकीशी आलात, तर मला जरा पुसा. वाटल्यास घरी न्या, अभ्यासाच्या टेबलावर ठेवा. मी खूश राहीन. फक्त कोऱ्या कागदावर सही करून तो माझ्याखाली ठेवू नका. माझे वजन कागद उडू नये एवढ्यापुरतेच आहे, मित्रांनो. त्यावर काय लिहायचे, त्याचा भार मला पेलत नाही.